वर्ल्ड कपच्या रात्री आणि आपलं परळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलचा वर्ल्ड कप 11 जून ते 19 जुलै 2026 या काळात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत होतोय. तिकडची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, आणि तेच नेमके आपले पावसाचे दिवस. मी परळमध्ये स्टेशनरीचं दुकान चालवते आणि चाळीच्या कमिटीचं कामही बघते. गेले काही आठवडे दुकानात, जिन्यात, नाक्यावर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. आपल्या आजूबाजूला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं आहेत. त्यामुळे दुसऱ्या वस्तीत जे चालतं ते इथे चालेलच असं नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

सामने आपल्या घड्याळाने किती वाजता?

साखळीतले सामने आपल्याकडे रात्री साडेनऊपासून ते थेट सकाळी साडेनऊपर्यंत केव्हाही सुरू होतील. खरा घोळ तारखेचा आहे. मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका यांचा पहिला सामना तिकडे 11 जूनला, पण आपल्याकडे तेव्हा 12 जून उजाडून अर्धा तास झालेला असेल. फायनल तिकडे रविवारी 19 जुलैला, आपल्याकडे रविवारची रात्र उलटून सोमवार, 20 जुलै लागल्यावर साडेबाराला. म्हणून दुकानाच्या फळ्यावर नुसती तारीख लिहू नका. ‘गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर, साडेबाराला’ असं लिहा. नाहीतर माणसं एक दिवस उशिरा येतील.

यंदा 48 संघ आणि 104 सामने आहेत. सगळे सामने दाखवायच्या फंदात पडू नका. दहा-बारा निवडा. 17 जूनचा बुधवार मात्र आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा: सकाळी साडेसहाला अर्जेंटिना-अल्जीरिया आणि त्याच रात्री साडेदहाला पोर्तुगालचा सामना. 23 जूनला पोर्तुगाल-उझबेकिस्तानही रात्री साडेदहालाच आहे. ब्राझील-मोरोक्को रविवारी, 14 जूनला पहाटे साडेतीनला. ब्राझीलवाल्यांनी शनिवारी दुपारी झोपून घ्यावं.

भारत खेळत नाही. मग एवढी तयारी कशासाठी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, बहुतेक वेळा साठीच्या पुढच्या मंडळींकडून. 1950 साली ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपला भारताला जागा मिळाली होती, पण संघ गेला नाही. त्यानंतर आजवर आपण तिथे पोहोचलेलो नाही, हे खरंच आहे.

पण फुटबॉल आपल्या वस्तीला परका नाही. रोव्हर्स कप 1891 साली याच मुंबईत सुरू झाला आणि कूपरेजवर पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. गिरणगावात कोल्हापूरकडून आलेली माणसं होती, आणि कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला अजूनही शाहू स्टेडियम भरतं. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरचे एक काका आजही क्रिकेटच्या मॅचला खोलीत बसतात आणि फुटबॉल असला की गॅलरीत खुर्ची टाकतात. शिवाय पावसाळा लागला की नरे पार्क असो नाहीतर कामगार मैदान, पोरांच्या पायात बॉल येतोच. तयारी त्यांच्यासाठी करायची आहे.

चौकात मोठा पडदा लावायचा का?

नाही. यावर बरीच चर्चा झाली, तरुण पोरं नाराजही झाली. म्हणून कारण नीट सांगते.

18 डिसेंबर 2022 ची फायनल आपण चौकात दाखवली होती. सामना आपल्या रात्री साडेआठला सुरू झाला, म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नाही. अर्जेंटिना 2-0 ने पुढे होती. मग 80 व्या आणि 81 व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेने दोन गोल केले आणि पोरांनी आनंदात स्पीकर वाढवला. जादा वेळ झाला, 3-3 झालं, पेनल्टी आल्या, दहा वाजून कधीच गेले होते. तेव्हा गर्दीच्या कडेला एक माणूस उभा होता. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. तो ओरडला नाही, कुणाला बोललाही नाही. त्याने माझ्याकडे बघून डबा खाली ठेवला आणि हात जोडले. त्याची बायको आणि मुलगी फुटपाथवर चादर टाकून झोपायचा प्रयत्न करत होत्या. मुलीची सकाळी सातला तपासणी होती.

आपण स्पीकर बंद केला. पण तो माणूस हात जोडून उभा राहीपर्यंत आपल्याला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बाहेरगावाहून आलेले कितीतरी नातेवाईक आपल्या फुटपाथवर रात्र काढतात. या वेळचे सामने मध्यरात्रीचे आहेत. चौक त्यांचा आहे.

मग सामना बघायचा कुठे?

मंडळाच्या हॉलमध्ये, दारं-खिडक्या लावून. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या लोकांपुरता आवाज असेल तर सूट आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि शांतता क्षेत्रात 40. नियम रुग्णालयापासून 100 मीटरची गोष्ट करतो. आपण फूटपट्टी लावत बसायचं नाही, आवाज हॉलच्या बाहेर आला की कमी करायचा. बाहेर एक माणूस फक्त त्यासाठी उभा राहील, अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलून.

गणपतीत मिळते तशी बारापर्यंतची सवलत फुटबॉलला नाही. फटाके आणि ढोल तर अजिबात नाहीत, गोल कुणाचाही असो.

एक गंमत घरी बसून बघणाऱ्यांसाठी. केबलवर गोल आधी दिसतो, मोबाइलवर काही सेकंदांनी. त्यामुळे चाळीत एकाच गोलाची आरोळी तीन हप्त्यांत उठते आणि झोपलेला माणूस तीनदा दचकतो. चाळीपुरतं तरी ठरवून घ्या: गोल झाला की टाळ्या नाहीत, आरोळी नाही, गॅलरीतला दिवा दोनदा चालू-बंद करायचा. आमच्याकडे पोरांनीच ही युक्ती काढली. चाचणी म्हणून आयपीएलला करून पाहिली, समोरच्या चाळीतूनही दिव्याने उत्तर आलं.

परवानग्या कुणाच्या लागतात?

आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या: तारखा, वेळा, किती माणसं, जबाबदार तीन जणांची नावं आणि नंबर. मंडपाचा साधा आडोसा जरी रस्त्यावर येणार असला तरी महापालिकेच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयाची परवानगी लागते. प्रभादेवीच्या बाजूच्यांना जी दक्षिण. सगळ्या तारखांचा एकच अर्ज करा आणि पोच घेतलेली प्रत हॉलमध्ये लावून ठेवा. रात्री गस्तीचे पोलीस आले की शोधाशोध नको.

हॉटेलात टीव्ही लावून सामना दाखवला तर चालतं?

घरगुती डीटीएच कनेक्शन धंद्याच्या जागी वापरता येत नाही. व्यावसायिक कनेक्शन घ्या. दुसरी गोष्ट, प्रवेशाचे पैसे घेतले किंवा प्रायोजक आणला, तर फिफाच्या हिशेबात ते व्यावसायिक प्रक्षेपण होतं आणि आधी परवाना लागतो. ‘तिकीट नाही, पण किमान 300 रुपयांची ऑर्डर घ्यावीच लागेल’ ही पळवाटही प्रवेशशुल्कच मानली जाते. नेहमीचं मेन्यूकार्ड, नेहमीचे दर, टीव्ही चालू. एवढ्यावर थांबलात तर डोक्याला ताप नाही. मंडळाच्या हॉलमध्येही म्हणूनच प्रवेश मोफत आहे आणि कुणाचाही बॅनर नाही.

दुकानावर वर्ल्ड कपचं चिन्ह लावू का?

अधिकृत बोधचिन्ह, ट्रॉफीचं चित्र, शुभंकर आणि स्पर्धेचं नाव जाहिरातीत वापरू नका, त्यावर हक्क आहेत. ‘फुटबॉलची रात्र, भुर्जीपाव मिळेल’ असं लिहायला कुणाची हरकत नाही. चिन्हांच्या नकली जर्सीही ठेवू नका. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिवळा, लाल असे साधे टी-शर्ट ठेवा आणि पाठीवर गिऱ्हाइकाचं स्वतःचं नाव छापून द्या. पोरांना तेच जास्त आवडतं. खेळाच्या सामानाच्या दुकानदारांनी जर्सीत पैसे अडकवण्यापेक्षा स्टडचे बूट आणि लहान मापाचे बॉल भरावेत. ते ऑगस्टपर्यंत खपतात.

झाडाला, खांबाला फ्लेक्स बांधू नका. मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. पावसातल्या वाऱ्याशी खेळ नको.

रात्रभर दुकान उघडं ठेवता येतं का?

हो. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा 24 तास दुकान चालवायला परवानगी देतो, आणि 1 ऑक्टोबर 2025 ला शासनाने ते पुन्हा स्पष्ट केलं. दारू देणारी ठिकाणं यात येत नाहीत. परवाना असलेल्या बारची वेळ रात्री दीडपर्यंतच.

पण कायदा परवानगी देतो म्हणून उघडायलाच हवं असं नाही. मी स्वतः दुकान रात्री उघडणार नाही. पहाटे तीनला वही कोण घेणार? औषधाचं दुकान, चहा, नाश्ता, पाण्याच्या बाटल्या, मोबाइल रिचार्ज यांना मात्र अर्थ आहे. सामना बघणाऱ्यांसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त रुग्णालयाबाहेर जागणाऱ्यांसाठी. रात्री अडीचला गरम पाणी, दूध, केळी कुठे मिळेल हे विचारत ही माणसं वणवण फिरतात. या 39 दिवसांत आपल्या रस्त्यावर दोन दुकानं जरी पहाटेपर्यंत उघडी राहिली, तरी मोठं काम होईल. भाव मात्र दिवसाचाच. रात्र आहे म्हणून दहाचा चहा वीसला विकू नका. त्यांच्या खिशातला एकेक रुपया औषधाचा आहे.

कामगारांच्या पाळ्या कशा लावायच्या?

मालक रात्री जागतो ते हौसेने. पोऱ्या जागतो ते पगारासाठी, आणि सकाळी सातला शटरही तोच उघडतो. हे होऊ देऊ नका. रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी द्या, आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी कायद्यानेच आहे. रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरी पोहोचवायची सोय दोन्ही हवी. ‘तिने हो म्हटलं’ एवढ्यावर भागत नाही. संमती लेखी घ्या आणि गाडी ठरवून द्या. अल्पवयीन मुलं रात्रीच्या कामावर नकोतच.

खायला काय ठेवावं?

एक हाताने खाता येईल ते. भुर्जीपाव, वडापाव, ऑम्लेट-पाव, भाजलेलं कणीस. सकाळी साडेसहाच्या सामन्याला पोहे आणि उपमा. मिसळ रात्री ठेवू नका, सांडते आणि वेळ खाते.

वेळेचं गणित सांगते, कारण स्वयंपाकघर तिथेच कोलमडतं. यंदा प्रत्येक अर्ध्यात पाणी पिण्यासाठी 3 मिनिटांचा थांबा आहे, साधारण बावीस मिनिटं झाल्यावर. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. म्हणजे ऑर्डरची लाट चारदा येते: सुरुवातीआधी, पहिल्या थांब्याला, मध्यंतराला, दुसऱ्या थांब्याला. मध्यंतराचा माल थांब्यालाच अर्धा तयार असला पाहिजे. बाद फेरीत बरोबरी झाली तर 30 मिनिटं जादा आणि वर पेनल्टी, म्हणजे साडेबाराचा सामना सव्वातीनपर्यंत जातो. गॅस आणि पाव त्या हिशेबाने ठेवा.

मासळीवाल्या खानावळींनी लक्षात ठेवा: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी आहे, अख्खा वर्ल्ड कप त्यात येतो. ताज्या सुरमईची पाटी लावू नका. सुकट, बोंबील, जवळा यांची चटणी-भाकरी करा. पावसाळी रात्री लोक ती मागून खातात.

पाऊस आणि पाणी तुंबलं तर?

मुंबईत मान्सून पोहोचायची सर्वसाधारण तारीख 11 जून, म्हणजे बरोबर उद्‌घाटनाची. हिंदमाता आपल्या उंबऱ्यावर आहे. सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्यापासून फरक पडलाय, पण मोठी भरती आणि मुसळधार एकत्र आले की भरवसा नाही. भरतीचं वेळापत्रक काढून ते सामन्यांच्या यादीशेजारी लावा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि पावसाचा इशारा एकाच रात्री असेल तर हॉल उघडायचा नाही, सामना कितीही मोठा असो. तळमजल्याच्या गाळेवाल्यांनी माल जमिनीपासून दोन फूट वर घ्यावा, फ्रिज स्टँडवर. पाणी भरलं की महापालिकेचा 1916.

विजेचं काय?

जादा भार असेल तर बेस्टकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या. खांबावरून तार ओढू नका. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला हवाच, तो नसेल तर प्रोजेक्टर लागणार नाही. ओल्या भिंतीवरचं बटण दाबायला मुलांना पाठवू नका.

आगीची काळजी कशी घ्यायची?

29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागून 14 जणांचा जीव गेला. ते इथून चालत जायच्या अंतरावर आहे. म्हणून गच्चीवर पडदा नाही, बांबू-कापडाचा आडोसा नाही, शेगडी नाही. आपल्या चाळींचे जिने लाकडी आहेत. जिन्यात खुर्ची, सायकल, चपलांचा ढीग काहीही ठेवायचं नाही. हॉलची दोन्ही दारं आतून कडी न लावता. जादा सिलिंडर हॉलच्या आसपासही नको.

हॉलमध्ये किती माणसं?

बसून 80. एकही जास्त नाही, आणि उभं राहून बघायचं नाही. पास आदल्या संध्याकाळी, प्रत्येक घराला दोन. पाऊस आला की बाहेरचे लोक आडोशाला दारात शिरतात आणि आतल्यांना बाहेर पडता येत नाही. 29 सप्टेंबर 2017 ला आपल्याच स्टेशनच्या पुलावर पावसाने थांबलेल्या गर्दीत 23 माणसं गेली. दारात कुणीही थांबणार नाही. हे सांगायला मोठ्या आवाजाचा नाही, शांत डोक्याचा माणूस ठेवा.

बाहेरून येणारे लोक घरी कसे जातील?

लोकल रात्री एकच्या सुमारास थांबते आणि पहाटे चारच्या सुमारास सुरू होते. सामना अडीचला संपतो. मधला दीड तास माणसांना कुठे बसवायचं हे आधी ठरवा. हॉल साडेचारपर्यंत उघडा राहील, दिवा आणि पंखा चालू, टीव्ही बंद. बाईमाणूस एकटी निघाली तर दोघं सोबत जातील. पोलिसांचा 112 फळ्यावर मोठ्या अक्षरांत.

गाड्या आणू नका. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये वाहतुकीसाठी बंद झाल्यापासून आपल्या रस्त्यांवर किती ताण आहे ते रोज बघतो आपण. रुग्णवाहिकेच्या वाटेवर डबल पार्क केलेली एक बाइकसुद्धा महागात पडते. ती उचलून बाजूला ठेवायची मुभा स्वयंसेवकांना आहे.

दारू आणि सट्टा?

हॉलमध्ये दारू नाही, पिऊन आलेल्यालाही प्रवेश नाही. सट्टा बेकायदा आहे, आणि पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ‘फक्त पन्नास रुपये’ म्हणत सुरुवात झालेली आणि आईचं मंगळसूत्र गहाण पडलेलं घर आमच्याच मजल्यावर होतं. दुकानाच्या काउंटरवर असं काही दिसलं तर दुकानदाराने थांबवावं. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

मुलांनी जागायचं का? शाळा तर सुरू होतेय.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेदहाचा सामना मध्यंतरापर्यंत, मग झोप. शनिवारी रात्री पूर्ण. अर्जेंटिनाचा साडेसहाचा सामना सकाळच्या शाळेच्या मुलांना चुकणार. त्यांच्यासाठी त्याच संध्याकाळी हॉलमध्ये ठळक क्षण दाखवू. आणि पाऊस उघडला की नरे पार्कात पाच-पाच मुलांचे सामने, मुलींचे वेगळे नाही तर एकत्र संघ. बॉल कमिटी देईल.

वर्गणी किती?

काही नाही. गणपती सप्टेंबरमध्ये आहेत, तेव्हा मागूच. प्रोजेक्टर एका रहिवाशाचा आहे, विजेचं बिल कमिटी भरेल. चहाचे पैसे ज्याचे त्याने.

फायनलच्या रात्री नेमकं काय ठरलंय?

रविवारी 19 जुलैला रात्री साडेअकराला हॉल उघडेल. साडेबाराला सामना. बारा वाजता दोघं जण फुटपाथवर फिरून तिथल्या माणसांना सांगतील की आत सामना आहे, कुणाला बघायचा असेल तर पुढच्या दोन रांगा तुमच्यासाठी ठेवल्या आहेत, आणि आवाज झाला तर या मुलाला सांगा. त्या मुलाच्या हातात चहाचा थर्मास असेल. सामना संपल्यावर मिरवणूक नाही. हॉल झाडून, कागदी कप पोत्यात भरून सकाळच्या गाडीला द्यायचे. आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवरून ओढायच्या नाहीत, एकेक उचलून भिंतीशी रचायची. खाली तळमजल्यावर, खिडकीला लागूनच, लोक झोपलेले असतात.